ताटीमागची थंड जागा

त्या वर्षी गोपिकाला घामोळ्या इतक्या आल्या होत्या की तिच्या पाठीवरून हात फिरवला तर रव्यावरून फिरवल्यासारखा वाटे. सव्वा वर्षाची पोर, रात्रंदिवस किरकिर करायची. म्हणून त्र्याहत्तरच्या एप्रिलात आमच्या घरी कूलर आला. सक्करदऱ्याच्या आमच्या ओळीत तो पहिलाच. पत्र्याचा पेटारा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीत तो बसवला. तोंड खोलीत, पाठ अंगणात.

कूलर हवा तयार करत नाही, पाठीमागची ओढून पुढे टाकतो, हे घरात मला एकटीलाच नीट कळत होतं. मी बी. एस्सी. झालेली. म्हणून हे आधीच लिहून ठेवते. मला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

मागच्या अंगणात माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे माझे यजमान मधुकरराव यांच्या थोरल्या भावाचं, काम चाले. शालिकराम त्यांचं नाव. रिक्षाच्या सीटा, दुकानांतली बाकं, जे गादीचं असेल ते ते मढवून देत. त्या उन्हाळ्यात त्यांना एका सिनेमागृहाच्या चारशे खुर्च्यांचं काम मिळालं होतं. जुनं रेक्झिन फाडायचं, खालचा फोम खरवडायचा, मग उरे ती फळी आणि तिच्यावर वाळून दगड झालेलं जुनं सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा डिंक. ते निघाल्याशिवाय नवं रेक्झिन बसत नाही. त्यासाठी फळ्या टपभर औषधात भिजत घालायच्या.

त्याला सगळे औषधच म्हणत. पिकावर मारतात ते औषध, ढेकणांवर शिंपडतात ते औषध, आणि डिंक काढतात तेही औषध. इतवारीच्या बाजारातून पिंपात यायचं. पिंपावर नाव नाही, चिठ्ठी नाही. रुपराव नावाचा पन्नाशीचा कारागीर भासऱ्यांच्या हाताखाली होता. तो पिंपात रबरी नळी घालून तोंडानं ओढायचा, ओठाशी आलं की पटकन नळी टपात सोडायचा आणि थुंकायचा. कधी भासरे स्वतः ओढत. काम संपलं की दोघं त्याच औषधानं हात धूत. कोपरापर्यंत हात पांढरे फटक पडायचे, पिठात घातल्यासारखे.

"साबणानं जात नाही ते," रुपराव मला एकदा म्हणाला. "हे बघा बाई, एका मिनटात चकाचक. अन अंगाले असं थंडं लागते, का बस."

कॉलेजात अशी बाटली आम्ही काचेच्या कपाटात उघडायचो. कपाटाला धूर ओढून घेणारा पंखा होता आणि शिकवणारे मास्तर हातातली छडी टेबलावर आपटून सांगायचे, नाक लांब! मी रुपरावला तसं सांगितलं. तो हसला. "तुमच्या कालेजात पोट्टे नाजूक असतीन बाई."

भासऱ्यांना मात्र मी सांगू शकत नव्हते. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, ते आले की आत जायचं. तेही अंगणातून घरात येताना खाकरत. काही हवं असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, आणि तिसरं माणूस नसलं तर भिंतीला. "चहा झाला असन तं," ते दाराच्या चौकटीला म्हणत, आणि मी कप उंबऱ्यावर ठेवून मागे सरत असे. गोपिका झाल्यापासून चौकटीची सुटका झाली होती. आता सगळे निरोप तिच्यातर्फे. "गोपू, तुया मायले सांग, भाजीत मीठ नाही." गोपू हातातलं खुळखुळं त्यांच्या नाकावर आपटायची.

तिच्यावर त्यांचा फार जीव. ती आठव्या महिन्यातच झाली, जगते की नाही असं दहा दिवस चाललं होतं, तेव्हा त्यांनी पान सोडलं. वीस वर्षांचं पान. नवस म्हणून. पोरीचं जावळ होईपर्यंत, मग पोरगी चालायला लागेपर्यंत, असं करत ते सुटलंच. म्हणून त्या मार्चमध्ये मोरीवर चूळ भरताना त्यांची थुंकी लाल दिसली तेव्हा मी मनात म्हटलं, चोरून खाऊन राहिले वाटतं. जाऊबाई जयवंता मुलांना घेऊन कुहीला माहेरी गेलेल्या, बघायला कोण आहे. मी कोणाला बोलले नाही. चोरी कशाला उघडी पाडा.

टप तेव्हा निंबाखाली असायचा, आणि दुपारी निंबाची सावली सरकली की उन्हात. मे लागला, पारा चव्वेचाळीसवर. पंधरा पावलांवर रुपराव बिडी ओढत बसायचा. मला दिवसभर दुसरं काही सुचेना. शेवटी मी सासूबाईंना गाठलं. त्यांना मी बाई म्हणे. त्या कुरड्या वाळत घालत होत्या.

"बाई, त्यांना सांगा ना. ते औषध उन्हात ठेवू नका, त्याची वाफ होते, पेट घेईल. थंड जागी ठेवा. वर घट्ट झाकण ठेवा. फळ्या काढायच्या त्या घरापासून लांब, वारा पाठीशी घेऊन. आणि तोंडानं ओढू नका, हात धुऊ नका त्यात."

"एवढं सारं?" बाई म्हणाल्या.

"एवढंच."

दुपारी भासरे जेवायला बसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड पोळ्या लाटत होते. कान तिकडेच.

"शालिक, प्रेमिला म्हणून राहिली, औषध उन्हात नको ठेवू गा. उडते म्हणते. थंड्या जागी ठेव."

"बराबर हाय," भासरे म्हणाले. "मी बी म्हणतो, रोज चार बोटं कमी काहून होऊन राहिलं! शिकेल माणूस घरात असलं का असं असते, माय."

मी दाराआडून बाईंना हातानं खूण केली, झाकून, झाकून.

"अन झाकून ठेव म्हणते."

"हव, गोणपाटाचा बोरा टाकतो वर."

एवढंच पोचलं. पुढचं बाई विसरल्या की त्यांना जास्त वाटलं, कोणास ठाऊक. भासऱ्यांनी पोळी मागितली, वाढायला बाई उठल्या, आणि मीही म्हटलं, असू दे, उरलेलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी निंबाखाली टप नव्हता. मला बरं वाटलं. कोणीतरी माझं ऐकलं याचंच बरं वाटलं. टप गेला कुठे, हे मी बघायला गेले नाही. दुपारच्या उन्हात भासरे काम करत असताना मी अंगणात जायची नाही, हा नियम.

त्या आठवड्यापासून गोपिका छान झोपायला लागली.

आधी अर्ध्या तासात उठणारी पोर दुपारी चार-चार तास झोपायची. "कूलर मानवला पोरीले," बाई म्हणाल्या, आणि शेजारच्या यमुताईंना बोलावून दाखवलं. यमुताई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आमची सून म्हणते आमच्याकडं बी आणा. माय वं, काय गार लागते!" वाळ्याचा ओला वास खोलीभर. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मी दाराखाली ओलं पोतं दाबून ठेवत असे. खिडकीच्या फटीत चिंध्या मीच कोंबल्या होत्या.

मग ती उलट्या करायला लागली. दूध राहीना. डोळे अर्धे मिटलेले. बोट दिलं तर धरायची, पण पूर्वीसारखं दाबायची नाही. मी वहीत लिहून ठेवू लागले, किती वाजता झोपली, किती वाजता उलटी. माझंही डोकं कानशिलात ठणकायचं.

"ऊन लागलं वं," बाईंनी एका नजरेत निदान केलं. तिच्या झबल्याला कांदा बांधला, कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना काशाची वाटी घासली. "बाहीर काढू नको तिले बिलकुल. तिथंच ठेव कूलरमंदी."

मी तिला तिथंच ठेवलं. चौकातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर दात येताहेत म्हणाले. मी तिला आणखी तिथंच ठेवलं. सकाळी दहापासून सहापर्यंत, दार लावून. पोतं वाळलं की पुन्हा भिजवून.

"तू फार विचार करते," मधुकरराव म्हणाले. ते ऑफिसातून सातला येत. तोपर्यंत कूलर बंद झालेला, दारं उघडलेली, गोपिका थोडी शुद्धीवर आलेली असे. "बघ, हसली की नाही? तू कॉलेजात होती तेव्हापासून तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं."

"संध्याकाळीच कशी हसते मग?"

"ऊन उतरतं म्हणून."

मलाही तेच खरं वाटत होतं.

एकोणीस मेला अकरा वाजता लाईन गेली. कूलर थांबला, खोली पाचच मिनिटांत भट्टी झाली. मी गोपिकाला घेऊन पुढच्या ओसरीत आले. बाहेर झळा मारत होत्या. बाई ओरडल्या, यमुताईंनी पलीकडून विचारलं, "काहून वं, पोरगीले मारते का?" मी ओल्या पंच्यानं तिला पुसत बसले. घाबरून वहीत दर अर्ध्या तासानं लिहीत होते. एक वाजता तिनं डोळे उघडले. दोन वाजता पाणी प्यायली, राहिलं. तीन वाजता तिनं माझी वेणी ओढली, चांगली हिसका देऊन, आणि म्हणाली, "मम."

चव्वेचाळीस डिग्रीत, झळांमध्ये, ऊन लागलेली पोर वेणी ओढत होती.

चार वाजता लाईन आली. बाईंनी कूलर लावला, "ने तिले आत." मी नेलं. मांडीवर घेऊन बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. वीस मिनिटांत तिची मूठ सैल झाली. मी तिला खाली ठेवलं, उठले, आणि कूलरच्या तोंडाशी नाक नेलं. वाळा. ओली माती. आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर. अंगणातल्या औषधाचा तो वास घरात सगळ्या कपड्यांना, टॉवेलांना, भासऱ्यांच्या जेवणाच्या पाटालासुद्धा असायचा, म्हणून मला तो वेगळा येतच नव्हता.

मी डोक्यावर पदर न घेता मागच्या दारानं बाहेर पडले.

आमची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये तीन हाताची बोळ आहे. ताटीतून पाणी ठिबकून तिथली जमीन ओली, शेवाळलेली. सगळ्या अंगणात तेवढी एकच जागा थंड होती. टप तिथं होता. कूलरच्या पाठीला टेकून. बोरा बाजूला सारलेला, कारण टपात सहा-सात फळ्या उभ्या भिजत होत्या आणि त्या काय झाकणार. रुपराव भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपला होता. भासरे उकिडवे बसून कोपरापर्यंत हात बुडवून फळी घासत होते. ताटीतली एक काडी फडफडत होती, आत ओढली जात होती.

"उचला ते!" मी ओरडले. "उचला तिथून! माझी पोर मरंल!"

माझ्या तोंडून "मरंल" आलं. मी तसं कधी बोलत नाही.

भासऱ्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ताटीकडे पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"थंड्या जागी ठेव म्हणे," ते ताटीला म्हणाले. अगदी हळू.

मी परत धावत आत गेले, कूलर बंद केला, गोपिकाला उचलून ओसरीत आणलं. तिची मान खांद्यावरून घसरत होती. मागून टप ओढत नेल्याचा आवाज आला. त्यांनी एकट्यानं तो पार कुंपणाच्या टोकाला नेला, वर पत्रा टाकला, पत्र्यावर विटा ठेवल्या.

"भासऱ्याच्या अंगावर वरडली वं तू?" बाईंनी कपाळावर हात मारला. आणि मग गोपिकाकडे पाहून त्या पंचा भिजवून आणायला धावल्या.

मधुकरराव आले तेव्हा ती बरी दिसत होती. ते म्हणाले, "दादांनी मला शिकवलं. त्यांच्यासमोर तू..." पण रिक्षा भासऱ्यांनीच आणून दारात उभी केली होती. आमच्यामागे दुसऱ्या रिक्षेनं तेही दवाखान्यात आले.

मुलांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी वही पूर्ण वाचली. कोणीतरी पहिल्यांदा वाचत होतं. मग विचारलं, "केमिकल कोणतं?"

मी मधुकररावांकडे पाहिलं, मधुकररावांनी दाराकडे. दारात भासरे उभे होते.

"औषध," ते म्हणाले.

"कसलं औषध?"

"डिंक काढ्याचं."

"नाव असेल ना डब्यावर?"

"नाव नाही जी."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली, बूच घट्ट लावून चिंधीत गुंडाळलेली. कोणी न सांगता आणली होती. डॉक्टरीणबाईंनी ती खिडकीशी नेऊन उघडली, लांबूनच वास घेतला, लगेच बूच लावलं. बेंझीन असावं म्हणाल्या, खात्रीनं सांगता येत नाही. गोपिकाचं रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. मी विचारलं, उतारा काय. उतारा नाही. स्वच्छ हवा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. तोवर काय करायचं? काही नाही. वाट बघायची.

"आणि तुम्ही किती वर्षं करता हे काम?" त्यांनी दाराकडे पाहून विचारलं.

"सात-आठ झाले असतीन."

"इकडे या. हात दाखवा."

बाही वर केली. दंडावर निळे-काळे डाग होते, काही जुने पिवळे पडलेले.

"फळ्या लागतात जी."

"हिरड्यांतून रक्त येतं?"

"नाही. ते पानाचं असते," भासरे खाली बघून म्हणाले.

मी गोपिकाला छातीशी धरून उभी होते. "ते पान खात नाहीत," मी म्हणाले. "सव्वा वर्ष झालं."

त्यांचंही रक्त घेतलं.

ते पंधरा दिवस आम्ही कूलर लावला नाही. ताट्या सुकून गवतासारख्या झाल्या. गोपिकाला मी दिवसा ओसरीत, रात्री गच्चीवर ठेवायची. तिच्या प्रत्येक शिंकेला उठून बसायची. मागे काम चालूच होतं. सिनेमावाल्यांना शब्द दिलेला. पण आता मी बाईंना काही सांगायची आणि ते शब्दाला शब्द पोचायचं. फळ्या लांब चिमट्यानं काढा. वारा पाठीशी. पत्रा लगेच लावा. चिंध्या एकत्र साठवू नका. हात आधी तेलानं, मग साबणानं. नळी तोंडानं नाही. रुपराव कुरकुरला, "असं तं दिवाळी होईन जी." भासऱ्यांनी त्याला गप्प केलं. सगळं ऐकत होते ते, एखाद्या पोरानं परीक्षेआधी ऐकावं तसं. बाई मला येऊन सांगायच्या, "तुयासारखं करून राहिला तो. आता तं होईन ना बरं सारं?"

मी म्हणायची, "होईल."

पाच जूनला दोन्ही कागद मिळाले. गोपिकाच्या पेशी वाढल्या होत्या. अजून पुऱ्या नव्हत्या, पण वाढल्या होत्या. "महिन्यानं पुन्हा बघू. बहुतेक ठीक होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्या "बहुतेक"ला धरून उभी राहिले. मग त्यांनी दुसरा कागद उलगडला आणि मधुकररावांना बाहेर नेलं. काचेतून मला त्यांची मान खाली गेलेली दिसली. हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते यांच्यात जवळजवळ थांबलं आहे, असं काहीतरी. रक्त द्यावं लागेल. पुन्हा द्यावं लागेल. काम आजपासून बंद. पुढे काय, ते सांगता येत नाही.

घरी कोणी भासऱ्यांना सगळं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. रुपराव उरलेल्या फळ्या घेऊन दुसरीकडे गेला. त्यालाही दवाखान्यात जा म्हणून मी स्वतः सांगितलं. "मले काय झालं बाई, मी तं ठणठणीत," म्हणाला आणि हातगाडी ढकलत निघून गेला. पिंपाचा वास मात्र अंगणातल्या मातीला राहिला.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी भासरे निंबाखाली बाजेवर बसले होते. तोंड मेणासारखं. गोपिका नुकती पावलं टाकायला लागली होती. ओसरीपासून बाजेपर्यंत ती एकटी गेली, दोनदा पडली, उठली, आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. मी तांदूळ निवडत होते. पदर डोक्यावर होता, सवयीनं.

"गोपू," ते म्हणाले, "तुया मायले विचार. टप मी ठेवला होता तिथं. तुले आता काही होणार तं नाही ना?"

मी तिला मध्ये घातलं नाही. "नाही," मी सरळ त्यांनाच म्हणाले. "तिला काही होणार नाही. आणि थंड जागी मीच म्हटलं होतं."

ते हसल्यासारखे झाले. गोपिकाच्या केसांतून हात फिरवला. दंडावरचा डाग आता कोपराच्या खाली उतरला होता. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवून म्हणाले, "अन मोठ्या बाबाले? विचार बरं तिले."

मी सुपात हात घातला. त्यातले खडे कधीच निवडून झाले होते.

गोपिका त्यांचा गुडघा धरून माझ्याकडे वळली होती. एक पाऊल उचलून, उत्तर न्यायला यावं तशी.